खेळ आणि ‘खेळातून’

शहराच्या कोणत्याही सुखवस्तू वस्तीतून सकाळी फिरावयास निघाले असता चारदोन वळणांच्या आत एक तरी रंगीत पाटी दृष्टीस पडते. तीवर एक फुगा, एखादा ससा किंवा हत्ती, आणि खाली शब्द असतात : ‘खेळातून शिक्षण’. पाटी कधी मराठीत असते, बहुधा इंग्रजीत, आशय तोच. शिशुशाळा चालविणारे आणि आपली मुले तेथे घालणारे अशा दोघांसही हे शब्द इतके परिचित झाले आहेत की त्यांचा अर्थ विचारणे हा विक्षिप्तपणा वाटावा. वाङ्मयाची समीक्षा करणाऱ्याने पाट्यांवरील शब्दांत लक्ष घालावे काय, असेही कोणी विचारील. परंतु ज्या दोन शब्दांवर एका पिढीचे बालपण बेतले जात आहे, त्यांच्याकडे आपण एखाद्या काव्यपंक्तीकडे पाहतो तितक्या बारकाईने पाहिल्यास काही बिघडेल असे मला वाटत नाही.

मी अडखळतो तो पहिल्या शब्दाच्या शेवटाशी. विहिरीतून पाणी काढतात, उसातून रस काढतात, खाणीतून कोळसा काढतात. ‘तून’ लागला की ज्याला तो लागला ती वस्तू साधन होते, आणि तिच्यातून निघणारी दुसरीच वस्तू मोलाची ठरते. रस निघाल्यावर चिपाडाकडे कोण पाहतो? ‘खेळातून शिक्षण’ या शब्दांत खेळाचा गौरव आहे असे आपण समजून चालतो; त्यांची ठेवण मात्र खेळास चरकात घालणाऱ्याची आहे. आमच्या घरी अंगणाच्या कोपऱ्यात भातुकली मांडून बसलेल्या मुलींविषयी ‘भातुकलीतून पाकशास्त्र’ असे आजीने कधी म्हटले नाही. ती येताजाता चिमूटभर चुरमुरे किंवा गुळाचा खडा त्या इवल्या पातेल्यात टाकी, ‘काय ग, आज काय बेत?’ म्हणून विचारी, आणि आपल्या कामास निघून जाई. तिला शिक्षणशास्त्र येत नव्हते. तथापि दुसऱ्याच्या खेळात किती पाऊल टाकावे हे तिला पुरते ठाऊक होते.

माझ्या चार वर्षांच्या नातीस आम्ही घराजवळच्याच एका शाळेत घातले. शाळा चांगली आहे; हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढील हकीकतीवरून वाचकांचा वेगळा ग्रह होण्याचा संभव आहे. तेथे छडी नाही, ओरडणे नाही, बाकेही नाहीत. एके दिवशी तिला आणावयास गेलो असता थोडा लवकर पोहोचलो आणि खिडकीशी उभा राहिलो. मुलांपुढे वाळूने भरलेली पसरट तबके ठेवलेली होती. शिक्षिका प्रसन्न मुद्रेने म्हणाल्या, “चला, आता आपण वाळूत खेळूया. बोटानं ‘अ’ काढूया.” मुलांची बोटे फिरू लागली. आमच्या नातीने तबकाच्या मधोमध वाळू उकरली, कडेने तिचा गोल काठ रचला आणि खिशातून आणलेले एक वाळके पान ती त्या खळग्यात वरखाली करू लागली. ती विहीर होती आणि पान हा पोहरा होता, हे चार हातांवरून मलासुद्धा कळत होते. शिक्षिका जवळ आल्या, तिच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरविला, आणि तबक हलकेच हालवून वाळू सपाट केली. “आधी ‘अ’, मग विहीर हं.” त्यांच्या स्वरात रागाचा लेश नव्हता. घरी येताना मी सहज विचारले, “आज काय खेळलात?” ती म्हणाली, “आजोबा, आधी बाईंचा खेळ असतो. तो संपला की आमचा.”

या उत्तरात जो भेद एका चार वर्षांच्या मुलीने केला आहे, तो बालशिक्षणाच्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात थोरामोठ्यांस नेहमीच साधला आहे असे नाही. जर्मनीतील फ्रेबेल याने १८२६ साली माणसाच्या शिक्षणावर जो ग्रंथ लिहिला, त्यात खेळ ही बालपणाच्या विकासाची सर्वांत उंच पायरी मानली होती. १८३७ साली ब्लांकेनबुर्ग या गावी त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली, आणि १८४० साली तिला ‘मुलांची बाग’ या अर्थाचे नाव दिले. तेच आपले ‘किंडरगार्टन’. खेळासारखी निरुपद्रवी गोष्टही सरकारास भिववू शकते, याचे प्रत्यंतर म्हणजे प्रशियाने १८५१ साली या बागांवर घातलेली बंदी; ती १८६० साली उठली, पण ते पाहावयास फ्रेबेल हयात नव्हता. याच फ्रेबेलने मुलांसाठी क्रमवार ‘देणग्या’ योजिल्या : प्रथम लोकरीचे सहा रंगीत चेंडू, मग लाकडी गोल, घन आणि दंडगोल, त्यानंतर आठ लहान घनांत विभागलेला एक घन. गोलात त्याला विश्वाची एकता दिसे. त्याच्या मागून आलेल्या शिक्षिकांस ती एकता दिसली असो वा नसो. कोणत्या तासाला कोणती देणगी काढावयाची आणि ठोकळे कोणत्या क्रमाने मांडावयाचे याची शिस्त मात्र त्यांनी कडेकोट बसविली. बागेची कवाईत झाली. खेळाला ‘तून’ लागण्याची ही पहिली मोठी घटना म्हणता येईल.

माँटेसरीबाईंकडे पाहताना माझ्या मनात आदर अधिक आहे, आणि त्याचे कारण त्यांचा स्पष्टपणा हे आहे. १९०७ च्या जानेवारीत रोम शहराच्या सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथे त्यांना असे आढळले की मुलांपुढे खेळणी आणि आपली शास्त्रीय उपकरणे दोन्ही ठेवली असता मुले खेळणी सोडून उपकरणांकडे वळतात. यावरून त्यांनी निर्णय केला की मुलास काम हवे असते. आणि मुले जे करीत त्यास त्यांनी ‘काम’ असेच म्हटले. एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत चढत जाणारे दहा गुलाबी घन एकावर एक रचावयाचे, की त्यांचा मनोरा होतो. कोणा पोराने ते घन आडवे मांडून ‘झुक् झुक्’ करीत आगगाडी चालविली, तर त्या पंथातील कडव्या शिक्षिका ते चालू देत नसत. हे मला पटत नाही. पण त्या मुलाची फसवणूक कोणी केलेली नाही. आपण काम करीत आहो हे त्याला ठाऊक आहे. आमच्या तबकातील वाळूविषयी तसे म्हणता येत नाही.

या दोन विदेशी धारा आपल्याकडे आल्या तेव्हा त्यांचे काय झाले, हा अधिक रसाळ भाग आहे. भावनगरचे गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाच्या काळजीने ते माँटेसरीच्या ग्रंथांकडे वळले आणि १९२० साली दक्षिणामूर्ति या संस्थेत त्यांनी बालमंदिर काढले. गुजरातने त्यांस ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, हे जे नाव दिले त्याहून चांगली पदवी कोणत्याही विद्यापीठास सुचली नसती. गिजुभाई माँटेसरीचे अनुयायी म्हणवीत, पण एका मोठ्या बाबतीत त्यांनी गुरूची आज्ञा खुशाल मोडली. लहान मुलांस परीकथा सांगू नयेत, त्यांना आधी वास्तव सृष्टी कळू द्यावी, असे बाईंचे मत होते. गिजुभाईंनी आपल्या बालमंदिरात गोष्टींचा पूर आणला. गोष्ट कशी सांगावी याचे शास्त्रच त्यांनी लिहिले. ज्या देशात आजीच्या मांडीवर काऊ-चिऊचे घर वाहून गेल्याशिवाय मूल झोपत नाही, तेथे गोष्टीवाचून बालशाळा काढणे म्हणजे मिठावाचून स्वयंपाक करणे होय, हे त्यांनी ओळखले.

गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक वाचकांपैकी पुष्कळांनी वाचले असेल. नसल्यास जरूर वाचावे. ते शिशुवर्गाविषयी नाही, प्राथमिक चौथीच्या वर्गाविषयी आहे. एक शिक्षक अधिकाऱ्याची परवानगी घेऊन तो वर्ग वर्षभर प्रयोगासाठी मागून घेतो, एवढेच कथानक. या पुस्तकातील सर्वोत्कृष्ट प्रकरण कोणते असे कोणी विचारल्यास मी पहिल्या दिवसाचे नाव घेईन. नायक घरून सुंदर टाचण करून येतो. मुलांकडून शांततेचा खेळ करवून घ्यावा असा त्याचा बेत असतो. मुले तो बेत पाहता पाहता उधळून लावतात. कोणी आरडाओरडा करते, कोणी चाळे करते. आणि नवशिक्षणाचा हा दूत हिरमुसला होऊन परततो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, तेव्हा कोठे वर्ग त्याचा होतो. शिक्षकाने घडवून आणलेला खेळ फसतो आणि मुलांस हवी असलेली गोष्ट साधते, हे पुस्तकाच्या दारातच सांगून टाकण्यास प्रामाणिकपणा लागतो. पुढे मात्र लेखकातील प्रचारक लेखकातील कलावंतावर मात करतो. नायकाचे बेत एकामागून एक साधू लागतात, शंकेखोर सहकाऱ्यांचे आक्षेप उत्तर देण्यास सोईचे होत जातात, आणि पहिल्या दिवशीचा तो पराभूत, म्हणूनच विश्वसनीय, माणूस आपल्याला पुन्हा फारसा भेटत नाही. पुस्तकाच्या नावातच स्वप्न आहे, तेव्हा तक्रार तरी किती करावी!

गिजुभाईंसमवेत भावनगरास काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे मुंबईस आल्या. दादरला १९३६ साली त्यांनी शिशुविहार चालू केला. तो मुख्यतः आपल्यासारख्यांच्या मुलांसाठी होता. पण १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ही बाई सर्व जमलेला संसार सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेली आणि तेथे तिने ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले. मी स्वतः त्रेपन्नाव्या वर्षी काय करीत होतो हे आठवून हे वाक्य लिहिताना मला थोडा संकोच होतो. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या, त्या कायमच्या. पुढे केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि ताराबाईंच्या मागे, १९९२ साली आपल्या मृत्यूपर्यंत, अनुताईंनी ते काम वाहिले.

बोर्डीस बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली त्या दलित वस्तीतील आणि वारली पाड्यांतील मुले तिच्याकडे येईनात. पुस्तकी सुधारकाने येथे लोकांच्या अज्ञानावर एक निबंध लिहिला असता. ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज सरकारी कागदांवर इतका झिजला आहे की त्यातील अंगण कोणास दिसत नाही. पण शब्द जन्मला तो असा, शाळेने मुलाच्या दाराशी जाऊन बसण्यातून. जी मुले गुरांमागे कुरणात जात त्यांच्यासाठी शिक्षिका कुरणात गेल्या, ती कुरणशाळा. गुलाबी मनोऱ्याचे महागडे घन तेथे कोठून येणार? शिंपले, गारगोट्या, चिंचोके, बांबूचे तुकडे, माती आणि पाने यांचेच साहित्य झाले. विदेशी उपकरणांत लहानमोठ्याची आणि हलक्याजडाची जी पारख होती ती समुद्रकाठच्या वाळूवर फुकट पडलेली होती. ती उचलण्यास दृष्टी लागत होती. पांडित्याच्या दृष्टीने हा माँटेसरी पद्धतीचा अपभ्रंश आहे. अपभ्रंशातूनच आपल्या साऱ्या देशभाषा जन्मल्या, हे पंडितांस सांगावयास नको.

कोसबाडची कहाणी शहरी खेळभक्तांस आणखी एका कारणाने अडचणीत टाकते. त्या मुलांचा दिवस खेळाने सुरू होत नसे. आधी अंघोळ, नखे काढणे, केस विंचरणे, खरूज धुणे, पोटात काही घालणे. मग गाणे आणि गोष्ट. ज्या पोरीच्या कडेवर धाकटे भावंड आहे तिला कोणता खेळ द्यावयाचा? तिच्या कडेवरून ते मूल कोणी उतरवून घेतल्यावाचून तिचे बालपण सुरूच होत नव्हते. म्हणूनच पुढे तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची एकत्र मोट बांधलेली ‘विकासवाडी’ निघाली. खेळ ही मुलाची सहजवृत्ती आहे असे आपण म्हणतो ते खरे. पण ती वृत्ती उमलावयास कोणी तरी रिकामा वेळ आणि भरलेले पोट यांची तरतूद करावी लागते. आपल्या घरच्या मुलांस ही दोन्ही आयती मिळतात, आणि त्यांपैकी वेळ आपणच हिरावून घेतो.

आता वाळूतील विहिरीकडे वळतो. ती मोडल्याने नक्की काय मोडले? रशियन मानसशास्त्रज्ञ विगॉट्स्की याने १९३३ साली खेळावर एक व्याख्यान दिले. अडतिसाव्या वर्षी क्षयाने गेलेल्या या माणसाचा मुद्दा थोडक्यात असा : मूल काठीला घोडा म्हणून दौडू लागते तेव्हा ते प्रथमच वस्तूपासून अर्थ सोडवून घेते. आजवर घोडा हा शब्द घोड्यालाच चिकटलेला होता. आता तो काठीवर स्वार होऊ शकतो. त्याचे दुसरे उदाहरण मला अधिकच आवडते. दोन सख्ख्या बहिणी ‘आपण बहिणी बहिणी खेळू’ असे म्हणतात. त्या बहिणी आहेतच. पण एरवी त्या तसा विचार न करता वागतात, आणि खेळात मात्र बहीण कशी वागते हे त्यांना पाहावे लागते, त्याचा नियम पाळावा लागतो. खेळात मूल आपल्या वयाहून उंच होते, ते असे. लिहिण्याचा उगमही याच विद्वानाने हावभाव, खेळ आणि चित्र यांत शोधला. कारण एका वस्तूने दुसरीसाठी उभे राहणे, हीच अक्षराचीही करामत आहे. पान हे पोहऱ्यासाठी उभे राहते. तशीच ‘अ’ ही खूण एका ध्वनीसाठी उभी राहते. मग शिक्षिकेने पुसले काय आणि ठेवले काय? ज्या शक्तीच्या जोरावर पुढे सारी बाराखडी तोलावयाची ती शक्ती तबकात काम करीत होती. ती सपाट करून तिच्या जागी बोटाचे एक वळण आले.

कॉलेजात ‘हार्ड टाइम्स’ शिकविताना मी दरवर्षी एका प्रसंगावर थांबतो. डिकन्सची १८५४ सालची ही कादंबरी. सर्कशीतील घोड्यांमध्ये वाढलेली सिसी ज्यूप हिला भर वर्गात घोड्याची व्याख्या विचारतात आणि ती गोंधळून जाते. बिट्झर नावाचा पोरगा दात, खूर यांची जंत्री घडाघडा म्हणून शाबासकी मिळवितो. विद्यार्थी हसतात. त्या शाळेत आणि आपल्या रंगीत पाटीच्या शाळेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे असे त्यांस वाटते. मलाही पूर्वी वाटत असे. आता असे वाटते की बिट्झरची व्याख्या जर गाण्याच्या चालीवर, टाळ्या वाजवून आणि घोड्याचे मुखवटे लावून म्हणवून घेतली, तर आपण तीस खेळातून शिक्षण म्हणू, आणि सिसी तरीही गोंधळलेलीच राहील.

यावर कोणी म्हणेल, मग मुलांस अक्षरे शिकवावयाचीच नाहीत काय? शिकवावयाची, आणि शिकवितो आहो असे सांगून शिकवावयाची. पाचसहा वर्षांच्या मुलास काम करावयाची खरी हौस असते. माँटेसरीबाईंचे एवढे म्हणणे मला मान्य आहे. गरीब आईबापांस अक्षराची जी घाई असते तीस हसण्याचा अधिकार तर आपल्याला मुळीच नाही. पिढ्यानपिढ्या अक्षरावाचून नाडले गेलेले लोक ते आहेत. माझा आक्षेप सोंगावर आहे. दहा वेळा ‘चला, खेळूया’ म्हणून गिरवावयास लावले की अकराव्या वेळी मूल त्या शब्दावर विश्वास ठेवीत नाही, आणि ‘बाईंचा खेळ’ अशी वेगळी संज्ञा बनविते. शिक्षिकेने खेळात येऊच नये असेही मी म्हणत नाही. आमच्या नातीच्या पोहऱ्यास त्यांनी एक दोरा आणून दिला असता, किंवा ‘पाणी किती खोल गेलंय ग यंदा?’ एवढे विचारले असते, तर ते आजीच्या गुळाच्या खड्यासारखे झाले असते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाचा टप्पा मानला आणि त्यात खेळावर व कृतीवर भर दिला, हे योग्यच झाले. कागदावर ‘खेळ’ लिहिणे सोपे आहे. १९७५ च्या ऑक्टोबरात देशातील ३३ ठिकाणी जी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तिने ताराबाईंचा शब्द देशभर नेला. पण त्या अंगणात बसणाऱ्या सेविकेस पगार नाही, मानधन मिळते. पोषण, वजने, लसीकरण, नोंदवह्या आणि वेळोवेळी येणारी सर्वेक्षणे यांतून तिने खेळाकडे केव्हा पाहावे? खासगी शाळेतील शिक्षिकेची अडचण निराळी आहे. त्या दिवसानंतर आठवड्याने मी आमच्या नातीच्या बाईंपाशी हा विषय काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “सर, विहीर मलाही दिसली होती. पण महिन्याच्या शेवटी वीस पालक येतात आणि वही मागतात. विहीर वहीत कशी चिकटवू?”

मजजवळ उत्तर नव्हते. त्या वीस पालकांत आमची सूनबाईही असते, आणि मागच्या महिन्यात वही घरी आली तेव्हा चष्मा शोधून ती आधी मीच उघडली होती. शाळा आम्ही बदललेली नाही. पलीकडच्या गल्लीत दुसरी एक आहे. तेथे साडेतीन वर्षांच्या मुलांस घरचा अभ्यास असतो.